शेऱ्याचा रकाना

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, बँकेत नोकरीला, नवऱ्याची बदली झाल्यामुळे आता पुण्यात. चहा-फराळ झाला आणि मग तिने पिशवीतून एक जुनं प्रगतिपुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. खाकी कव्हर, कोपरे मुडपलेले, आतला कागद पिवळा पडलेला. इयत्ता नववी. पहिल्या सत्रात वर्गात चौथी आलेली मुलगी वार्षिक परीक्षेत ३१ वी. हजेरीच्या रकान्यात डिसेंबरात २५ पैकी २२, जानेवारीत २४ पैकी १५, फेब्रुवारीत २३ पैकी ९. आणि शेजारच्या शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलेलं : ‘क्षमता आहे. प्रयत्न कमी पडतात. आळस सोडावा.’ खाली वर्गशिक्षिकेची सही. ती सही माझी होती.

"बाई, मी तक्रार करायला नाही आले," ती म्हणाली. "माझ्या लेकीला आता तेरावं लागलंय. तिच्या वर्गशिक्षिकेला काय सांगून ठेवू, ते विचारायला आलेय."

मग तिने त्या वर्षाबद्दल सांगितलं. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. इतिहासाच्या पुस्तकातली एकच ओळ चार-चार वेळा वाचायची आणि डोक्यात काही शिरायचं नाही. वेणी घालायला हात वर करणं नकोसं व्हायचं, म्हणून शाळेला दांडी. घरचे वाईट नव्हते. आजीने दृष्ट काढली, डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक दिलं, आईने ‘हिला सगळं मनाला लावून घ्यायची सवयच आहे’ असं पाहुण्यांना सांगितलं. दहावी संपता संपता ते आपोआप ओसरलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ते परत आलं. बाळंतपणानंतर आलं. २०२० साली, टाळेबंदीत, पुन्हा आलं.

"दर वेळी मला वाटायचं, हे काहीतरी नवीनच आहे. त्या त्या वेळचं कारणही असायचं ना! चौथ्या खेपेला मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, असं पहिल्यांदा कधी झालं होतं? आणि बाई, मला एकदम आपला नववीचा वर्ग दिसला. खिडकीशेजारचा तिसरा बाक."

या पुस्तकाच्या संपादकांनी प्रस्तावना लिहाल का असं विचारलं, तेव्हा मला ते प्रगतिपुस्तक आठवलं. किशोरवयात नैराश्यातून गेलेली आणि आज तिशी, चाळिशी, पन्नाशीत असलेली माणसं या पुस्तकात बोलली आहेत. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला आणि गेली नऊ वर्षं आठवड्यातून तीन दिवस शाळाशाळांतून मुलांशी बोलते. त्यामुळे इथे जे मांडते आहे ते दोन ठिकाणांहून आलेलं आहे : वर्गातून, आणि नंतर उशिरा केलेल्या वाचनातून.

आपल्याकडे या विषयाला एक ठरलेलं उत्तर असतं : ‘वयच तसं असतं.’ हे उत्तर फक्त आजी-आजोबा देत नाहीत, शिक्षक देतात, फॅमिली डॉक्टर देतात. खुद्द मनोविकारशास्त्रातसुद्धा बराच काळ असं मानलं जात होतं की लहान मुलांना खऱ्या अर्थाने नैराश्य येऊच शकत नाही, कारण त्यासाठी लागणारं मन अजून घडलेलंच नसतं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली, त्यात मोठ्यांसाठी असलेले नैराश्याचे निकष मुलांनाही लावले गेले आणि मग चित्र बदलू लागलं. एक फरक मात्र आजही आवर्जून केला जातो. मोठ्या माणसात उदासी दिसते, किशोरवयात तिच्या जागी चिडचिड दिसू शकते. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज दिसणारी चिडचिड, झोपेचं आणि भुकेचं बिघडलेलं वेळापत्रक, एके काळी जीव की प्राण असलेल्या गोष्टीचा कंटाळा. घरात याला उद्धटपणा म्हणतात. मुलगा असेल तर ‘शिंगं फुटलीत’, मुलगी असेल तर ‘घुमी आहे’ किंवा ‘शिष्ट आहे’.

वय तसं असतं, हे खरंही आहे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, शरीर अनोळखी वाटू लागतं, मित्राने न केलेला फोन हे जगबुडीचं कारण होऊ शकतं. अशी खिन्नता येते आणि दोन-चार दिवसांत जाते. अडचण अशी की दोन-चार दिवसांत जाणारी आणि महिनोन्‌महिने मुक्काम ठोकणारी, या दोन्ही वर्गात शेवटच्या बाकावर एकसारख्याच दिसतात.

मुक्काम ठोकणारीचं पुढे काय होतं, हे कळायला काही पिढ्यांची चिकाटी लागली. ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या पाच हजारांहून अधिक बाळांची नोंद ठेवली गेली आणि त्यांचा माग आयुष्यभर सोडला नाही. ती मुलं १३ आणि १५ वर्षांची असताना त्यांच्या शिक्षकांना एक प्रश्नावली भरायला दिली होती : मूल उदास असतं का, घाबरतं का, अंग चोरून बसतं का. बस्स, एवढंच. ना रक्ततपासणी, ना तज्ज्ञांची मुलाखत. ही मुलं ३६, ४३ आणि ५३ वर्षांची झाली तेव्हा त्यांना पुन्हा तपासलं. ज्यांच्याबद्दल शिक्षकांनी दोन्ही वेळा गंभीर खुणा केल्या होत्या, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के माणसांना या तीनपैकी कधी ना कधी मानसिक विकार असल्याचं आढळलं. ज्यांची मनं शाळेत ठीकठाक होती, त्यांच्यात हे प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास होतं. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. चाळीस वर्षांनंतरचं आयुष्य ज्यात डोकावत होतं, तो कागद शिक्षकाच्या हातात होता. माझ्याही हातात होता. मी त्यावर ‘आळस सोडावा’ लिहिलं.

मात्र इथे एका गोष्टीबद्दल सावध राहायला हवं, नाहीतर हे पुस्तक वाचून आईबापांच्या पोटात गोळा येईल आणि उपयोग काहीच होणार नाही. न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहरात १९७७ साली जन्मलेल्या १,२६५ मुलांचा असाच अभ्यास चालू आहे. १४ ते १६ या वयात नैराश्य आलेल्या मुलांचं २१ व्या वर्षापर्यंत काय झालं, ते डेव्हिड फर्ग्युसन आणि लियान वुडवर्ड यांनी २००२ मध्ये मांडलं. वरवर पाहता यादी भयंकर होती : पुन्हा नैराश्य, चिंताविकार, सिगारेट, दारू, आत्महत्येचा प्रयत्न, अर्धवट शिक्षण, बेकारी, कमी वयात आई-बाप होणं. पण घरची परिस्थिती, लहानपणीचे आघात, आधीपासूनच्या इतर अडचणी हिशेबात घेतल्या तेव्हा यादीतल्या बहुतेक गोष्टींचा नैराश्याशी असलेला थेट धागा सुटला. टिकले ते दोनच : पुढचं नैराश्य आणि पुढची चिंता. म्हणजे शिक्षण सुटलं, नोकरी लागली नाही, याचा सगळा दोष त्या आजाराच्या माथी मारता येत नाही. ज्या घरातलं, ज्या वस्तीतलं ओझं मुलाला नैराश्याकडे ढकलतं, तेच ओझं त्याला शाळेबाहेरही ढकलतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाऊन आलेला मुलगा नोव्हेंबरपासून वर्गात नसतो, परत येतो तेव्हा गप्प असतो. त्याला फक्त गोळी देऊन भागणार नाही आणि फक्त ‘परिस्थिती’ म्हणून सोडून देऊनही भागणार नाही.

आजार परत का येतो, याबद्दल मतं अनेक आहेत. रॉबर्ट पोस्ट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये मांडलेली एक कल्पना बरीच चर्चेत राहिली : पहिल्या खेपेला नैराश्य यायला मोठा आघात लागतो, पुढच्या खेपांना त्याहून लहान कारण पुरतं. ती सगळ्यांना जशीच्या तशी मान्य नाही. पण या पुस्तकातली मनोगतं वाचताना राखेखालचा विस्तव डोळ्यांसमोर येतोच.

मला वर्गातून दिसलेलं कारण याहून साधं आहे. चौदा ते सतरा या वर्षांत मूल पुस्तकाबाहेरचं किती शिकतं ते बघा. भांडून परत बोलायला कसं लागायचं. नकार कसा द्यायचा आणि कसा पचवायचा. चूक झाली तर बाईंसमोर उभं कसं राहायचं. गॅदरिंगला नाटकात वाक्य विसरलं तरी आभाळ कोसळत नाही, हे कसं उमगतं. ही सगळी शिकवणी चालू असताना जे मूल अंथरुणात पांघरूण डोक्यावर घेऊन पडलेलं होतं, त्याचा हा अभ्यासक्रम बुडतो. त्याची फेरपरीक्षा कुणी घेत नाही. मग पस्तिसाव्या वर्षी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की हातपाय गार पडतात. नवऱ्याशी मतभेद झाला की आठ-आठ दिवस अबोला, कारण परत बोलायला लागायची वाटच पायाखालची नाही. माझ्या त्या विद्यार्थिनीने बँकेत दोनदा बढती नाकारली. लोकांना वाटलं, संसाराला वेळ हवा म्हणून. तिने मला खरं कारण सांगितलं : ‘क्षमता आहे, प्रयत्न कमी पडतात’ हे आपल्याबद्दलचं अंतिम सत्य आहे असं ती पंचवीस वर्षं धरून चालली होती. दु:ख ओसरलं. स्वत:बद्दलचं मत मात्र तिथेच राहिलं.

त्यात आपल्याकडे आयुष्याचे फाटे नेमके याच वयात फुटतात. दहावीचे गुण, त्यावर अकरावीची शाखा, बारावीचे गुण, त्यावर पुढचं सगळं. जानेवारी ते मार्च हे तीन महिने आजारात गेले तर मुलगा सायन्स सोडतो, मुलगी गावातल्या गावात बी.ए.ला जाते आणि पुष्कळ ठिकाणी तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होते. हात मोडला असता तर शाळेने लेखनिक दिला असता, गावाने हळहळ केली असती.

मुलग्यांबद्दल दोन शब्द जास्त लिहायला हवेत, कारण या पुस्तकातही ते कमीच बोलले आहेत. वयात आल्यानंतर मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण मुलग्यांच्या साधारण दुप्पट आढळतं. पण मुलग्यांचं नैराश्य वेगळ्या रूपात दिसतं : ते रडत नाहीत, मारामारी करतात, गाडी वेगात हाणतात, पानटपरीवर उभे राहतात. त्यांच्याबद्दल येणारी तक्रार शिस्तीची असते, त्यामुळे ते माझ्यासारखीकडे न येता मुख्याध्यापकांकडे जातात. व्यसनमुक्ती केंद्रात पोचलेल्या चाळिशीतल्या माणसाला दारू कधीपासून, असं सगळे विचारतात. त्याआधी काय होतं, हे विचारणारे थोडे.

आता या पुस्तकाचं माझ्या मते सर्वांत मोलाचं सूत्र. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात जॉर्ज पॅटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ पासून १,९४३ मुलामुलींना चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून २९ व्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा भेटून विचारलं. किशोरवयात नैराश्य किंवा चिंतेची लक्षणं किमान एकदा दाखवलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के जणांना विशीत ती पुन्हा भेटली. पण ज्यांची किशोरवयातली खेप एकच होती आणि सहा महिन्यांच्या आत संपली, त्यांच्यापैकी निम्म्याहून थोड्या अधिकांना विशीत पुन्हा त्रास झाला नाही. २०१४ साली आलेल्या या निष्कर्षाचा अर्थ माझ्यासारख्या शाळेत वावरणाऱ्या माणसाला स्पष्ट आहे. नैराश्य येऊच द्यायचं नाही, हे आपल्या हातात नाही. आलेलं किती दिवस राहू द्यायचं, हे बऱ्याच अंशी आहे. डिसेंबरात २५ पैकी २२, जानेवारीत २४ पैकी १५. इथे, जानेवारीच्या अखेरीला, मी तिला बोलावून ‘बाळ, झोप लागते का गं?’ एवढं विचारायला हवं होतं. मी फेब्रुवारीची वाट पाहिली आणि मग शेरा लिहिला.

उपचारांनी गुण येतो का? येतो. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत औषध आणि बोलण्याची उपचारपद्धती दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलांना बारा आठवड्यांत चांगला उतार पडला. त्यांतल्या १९६ जणांचा पुढे पाठपुरावा झाला. दोन वर्षांत जवळजवळ सगळे, ९६ टक्के, त्या खेपेतून बाहेर आले होते. पाच वर्षांच्या आत त्यांतल्या ४७ टक्के जणांना आजार पुन्हा आला. हे दोन्ही आकडे आईबापांनी एकत्र लक्षात ठेवावेत. पहिला आकडा धीर देतो. दुसरा सांगतो की बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका आणि मूल कॉलेजला परगावी गेलं तरी त्याच्या झोपेची, जेवणाची विचारपूस सोडू नका.

आपल्या देशातलं चित्र बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून काहीसं कळतं. १३ ते १७ या वयोगटात ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. इतक्या मोठ्या राज्याने आपल्या मुलांची ही मोजणी स्वत: पुढाकार घेऊन करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टर तरी आहेत कुठे, असा प्रश्न तालुक्याच्या गावी सभेत हमखास येतो. तो रास्त आहे. म्हणूनच गोव्यात ‘संगत’ या संस्थेने केलेलं काम मला जवळचं वाटतं. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या गंभीर नैराश्याच्या प्रौढ रुग्णांशी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत काम केलं. आवडायची ती लहानसहान कामं पुन्हा हाती घ्यायला लावणं, हा त्याचा गाभा. त्याने लोकांना गुण आला. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्येही असाच एक प्रयोग झाला. बाहेरून नेमलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी तो राबवला त्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी कमी झाली, मुलांच्या नैराश्याच्या खुणा कमी झाल्या. तोच कार्यक्रम शिक्षकांकडे दिला त्या शाळांत फरक पडला नाही.

शिक्षिका म्हणून हा निकाल मला झोंबला, आणि पटलाही. जो गुण देतो, ज्याच्या हातात शेऱ्याचा रकाना आहे, त्याच्यापाशी मूल मन कसं मोकळं करणार? आधीच तासांचा, पेपर तपासण्याचा, शाळाबाह्य कामांचा बोजा असलेल्या शिक्षकावर हेही टाकून शासनाने मोकळं होऊ नये. शिक्षकाने ओळखावं आणि पुढे पाठवावं. ऐकायला शाळेत दुसरं माणूस हवं, पगार मिळणारं, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ठरलेल्या खोलीत बसणारं.

मराठीत या विषयाला वाचा फुटलेली नाही असं नाही. ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने आणि डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या लेखनाने कितीतरी घरांना ‘मनाचा दवाखाना’ ही गोष्ट ओळखीची करून दिली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आत्महत्येच्या कड्यावरून मागे आलेल्या एका तरुणाला त्यात कोकणच्या किनाऱ्यावरची माणसं प्रश्नांचा भडिमार न करता सांभाळतात. तो चित्रपट मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात दाखवते. बरं व्हायला लागणारा वेळ त्यात कुठेही कापलेला नाही.

या पुस्तकातली मनोगतं सलग वाचू नयेत. एक वाचावं, ठेवून द्यावं. काही जण आज पूर्ण बरे आहेत, काही अजून गोळ्या घेतात आणि उत्तम संसार-नोकरी करतात, दोघांनी लिहिता लिहिता मध्येच थांबायचं ठरवलं आणि संपादकांनी ते तसंच छापलं आहे. वाचणारा जर स्वत:च त्या तिसऱ्या बाकावरचा असेल तर त्याला मला सांगायचं आहे की वीस-पंचवीस वर्षं उलटली म्हणून उशीर झालेला नाही. डॉक्टरांकडे जाल तेव्हा आजच्या कारणाबरोबर ‘पहिल्यांदा कधी’ हेही सांगा. उपचार ठरवताना त्याने फरक पडतो.

त्या दिवाळीत मी माझ्या विद्यार्थिनीची माफी मागितली. मग आम्ही दोघींनी मिळून तिच्या लेकीच्या वर्गशिक्षिकेला पत्र लिहिलं, सात-आठ ओळींचं : हजेरी सलग घसरली, डबा तसाच परत येऊ लागला, मैत्रिणींत मिसळणं थांबलं, तर कृपया शेरा लिहिण्याआधी मला फोन करा. बाईंचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. त्यांनी ते पत्र वर्गाच्या हजेरीपटात चिकटवून ठेवलं आहे.

शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे की असं पत्र आजच लिहावं आणि त्याखाली एक क्रमांकही लिहून ठेवावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. क्रमांक १४४१६.